कंपनीचा रुपया आणि राणीछाप रुपया: मुंबईत जोडी घेताना

लक्ष्मीपूजनासाठी मुंबईतल्या सराफाकडे ‘राणीछाप’ मागितला की समोर येणारा रुपया बहुतेक वेळा १८६२ सालचा किंवा त्यानंतरचा असतो. व्हिक्टोरिया राणीच्या डोक्यावर मुकुट, मागे ‘वन रुपी, इंडिया’ आणि साल. पण त्याच डबीत पुष्कळदा दुसराही एक रुपया पडलेला असतो. राणी तीच, फक्त तरुण. मुकुट नाही, केसांना नुसती फीत. उलटून पाहिलं की मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८४०. वजन तेच, चांदीचा कस तोच, आणि दोन्ही झिजलेले असतील तर भावातही फारसं अंतर नसतं.

यातलं सुटं एकच नाणं घ्या असं मी सुचवणार नाही. ही जोडीने घ्यायची वस्तू आहे. कंपनी सरकार जाऊन राणी सरकार आलं तेव्हा नेमकं काय बदललं आणि काय जागचं हललंही नाही, हे तळहातावर दाखवणारी याहून खरी वस्तू बाजारात या किमतीला मिळत नाही.

आधी न बदललेल्या गोष्टी. १८३५च्या नाणे कायद्याने कंपनीने आपल्या सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. हेच १८० ग्रेन म्हणजे आपला जुना तोळा. त्याआधी दख्खनेत चांदवडी, अंकुशी, हाली असे कितीतरी रुपये चालत, आणि मुंबई इलाख्यात कंपनी स्वतःच बादशहा शाह आलमच्या नावाचा सुरती रुपया पाडत होती. एका रुपयाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा कापून घेई. १८३५च्या रुपयाने हा बट्ट्याचा व्यवहार मोडायला सुरुवात केली. १८५८ला सत्ता घेतलेल्या राणी सरकारला हे चलन तयारच मिळालं. त्यांनी वजनात एका ग्रेनचाही फरक केला नाही, कसही तोच ठेवला, आणि तो थेट १९४०पर्यंत टिकला. नाणी पाडणारी मुंबईची टांकसाळसुद्धा तीच राहिली.

आता बदललेल्या गोष्टी. त्या जवळजवळ सगळ्या मागच्या बाजूला आहेत, म्हणून दोन्ही नाणी पालथी ठेवून शेजारी शेजारी पाहा. कंपनीच्या रुपयावर पानांची वेल गोल फिरते, मध्ये इंग्रजीत ‘वन रुपी’, त्याखाली फारसी लिपीत ‘यक रुपया’, आणि कडेने कंपनीचं नाव. १८६२च्या रुपयावर कंपनीचं नाव तर गेलंच, फारसी ओळही गेली. उरलं फक्त इंग्रजी, आणि भोवती भरगच्च फुलापानांची नक्षी. फारसी परत आली ती थेट सातव्या एडवर्डच्या १९०३च्या रुपयावर. मधली चाळीस वर्षं ज्यांच्या हातातून हा रुपया फिरला, त्यांतल्या बहुसंख्य लोकांना त्यावरचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. माझ्या मते या जोडीतला हा सगळ्यात बोलका फरक आहे, आणि विक्रेते नेमका तोच सांगत नाहीत.

पुढची बाजू मात्र थोडी फसवी आहे. राजाचा चेहरा कंपनीच्या नाण्यावर १८३५पासूनच होता, आधी चौथा विल्यम आणि १८४०पासून व्हिक्टोरिया. राणी पहिल्यांदा नाण्यावर आली ती १८५८नंतर, असं दुकानात सर्रास ऐकायला मिळतं. ते चूक आहे. १८५८नंतर आला तो मुकुट.

तारखांचा घोळ नीट समजून घ्या

नवखा ग्राहक इथेच गोंधळतो, आणि कधीकधी विक्रेताही. १८४० कोरलेला रुपया १८४० सालीच पाडलेला असतो असं नाही. ते साल ठशात गोठवून ठेवलं होतं, आणि त्याच सालाचे रुपये १८६१पर्यंत पाडले जात होते. ढोबळ ओळख अशी: राणीच्या डोक्यावरून ‘व्हिक्टोरिया क्वीन’ हे शब्द सलग गेले असतील तर नाणं १८४०च्या दशकातलं. ‘व्हिक्टोरिया’ एका बाजूला आणि ‘क्वीन’ दुसऱ्या बाजूला असे शब्द तुटलेले असतील तर ते १८५०नंतरचं. संग्राहक पहिल्याला ‘कंटिन्यूअस’ आणि दुसऱ्याला ‘डिव्हायडेड’ म्हणतात. दुकानातही हेच शब्द वापरा, विक्रेत्याला लगेच कळतं. याच्या पुढे वेलीवरची फळं मोजणं, मानेच्या कापावरची बारीक आद्याक्षरं शोधणं असा अभ्यास आहे. रस लागला तर तो जरूर करावा, पण पहिल्या खरेदीला त्याची गरज नाही.

जोडीसाठी ‘डिव्हायडेड’च मागा, आणि त्याचं कारण इतिहासातच आहे. हिंदुस्थानचा कारभार राणीकडे सोपवणारा कायदा २ ऑगस्ट १८५८ला मंजूर झाला. १ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगने अलाहाबादेत राणीचा जाहीरनामा वाचला, आणि त्याच दिवशी मुंबईत तो टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून वाचला गेला, म्हणजे आजच्या एशियाटिक ग्रंथालयाच्या. टांकसाळ तिथून हाकेच्या अंतरावर. राज्य राणीचं झाल्याचं पायऱ्यांवरून जाहीर झालं, आणि जवळच्या यंत्रांतून कंपनीच्या नावाचे रुपये पुढची तीन वर्षं पडत राहिले. तुमच्या हातातला ‘डिव्हायडेड’ रुपया त्यांपैकी असू शकतो. १८४० हे साल गोठलेलं असल्यामुळे तो १८५८च्या आधीचा की नंतरचा हे नाण्यावरून ठरवता येत नाही, आणि ‘हा नक्की बंडाच्या वर्षाचा आहे’ असं सांगून जास्त पैसे मागणाऱ्यालाही ते ठरवता येत नाही.

१८६२चंही तसंच. तेही साल गोठवलेलं होतं, आणि रुपयावर खरं साल यायला १८७४ उजाडलं. मुंबईच्या टांकसाळीने यावर एक सोय केली होती: १८६२ या आकड्याखाली बारीक ठिपके. ते ठिपके पुढच्या वर्षांचे मानले जातात. भिंगातून पाहा, झिजलेल्या नाण्यावर निम्मे ठिपके दिसतच नाहीत, म्हणून मोजायचे असतील तर नाणं बऱ्या स्थितीतलं घ्या.

१८७४ला आणखी एक गोष्ट झाली. सत्ता गेली तरी ईस्ट इंडिया कंपनी ही संस्था कागदावर जिवंत होती. भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश मिळत होता, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून दिला जात होता. शेवटी भाग दामदुप्पट भावाने परत घेऊन १ जून १८७४ला कंपनी विसर्जित झाली. म्हणून जोडीत तिसरं नाणं घालायचं असेल तर माझी पसंती १८७४च्या रुपयाला आहे. ज्यांना राज्यापासून साम्राज्यापर्यंतची रांग लावायची आहे त्यांनी १८७७चा घ्यावा. त्या वर्षीपासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आलं.

कमी पैशात: १८५८चा पाव आणा

दोन रुपये परवडत नसतील, किंवा शाळेतल्या मुलांना दाखवायला काही हवं असेल, तर तांब्याकडे वळा. कंपनीचा पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा, १८३५, १८५७ आणि १८५८ या सालांचा मिळतो. यांतला १८५८चा मला या सगळ्या खरेदीतला सर्वांत सरस वाटतो. वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम. हा बर्मिंगहॅममध्ये पाडला गेला. त्यावर राणी नाही, राजा नाही. एका बाजूला दोन सिंहांनी धरलेली कंपनीची ढाल, आणि तिच्याखाली कंपनीचं लॅटिन ब्रीद आहे: इंग्लंडच्या राजाच्या आणि संसदेच्या आश्रयाने. तो आश्रय देणाऱ्यांनीच ज्या वर्षी कंपनीचं राज्य काढून घेतलं, तेच वर्ष ढालीखाली छापलेलं आहे. इथे गोठवलेल्या सालाची भानगड कमी, नाणं मुबलक, आणि म्हणून नकली करण्यात कोणाला फायदा नाही.

शेजारी १८६२चा पाव आणा ठेवला की तांब्याची जोडी पूर्ण होते. ढाल गेली, तिच्या जागी मुकुटधारी राणी आली. रुपयात चेहरा आधीपासून होता. तांब्यात मात्र तो पहिल्यांदाच आला. खेड्यापाड्यांत ज्या माणसाच्या हाताला वर्षभर रुपया लागत नसे, जो शिवराई आणि पैशावर व्यवहार करी, त्याला राज्य बदलल्याची खूण दिसली असेल ती याच पैशावर.

तांबं घेताना स्थिती पाहायची ती रंगावरून. एकसारखा चॉकलेटी तपकिरी उत्तम. कडेला, अक्षरांच्या आत मूळ लाली शिल्लक असेल तर त्याला जास्त दाम देणं रास्त आहे. सगळं नाणं गुलाबी चकचकीत दिसत असेल तर ते घासलेलं आहे, सोडून द्या. हिरवी भुकटी सुटत असेल तर तेही सोडा. ती पसरत जाते.

खरं-खोटं पारखताना

चांदीच्या रुपयाचे नकली नमुने मुंबईत भरपूर फिरतात. गल्ल्यावरून खणकन टाकून आवाज ऐकण्याची जुनी रीत मी टाळायला सांगेन, कारण किनार दुखावते आणि कानाला सराव नसेल तर काही कळतही नाही. त्याऐवजी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा आणि दहा पटींचं भिंग सोबत ठेवा.

नवा करकरीत रुपया ११.६६ ग्रॅम, वापरलेला ११.४ ते ११.६, अगदी गुळगुळीत झालेला त्याहूनही थोडा खाली. वजन आणि झीज एकमेकांना साजेशी हवीत. केसांची बट न् बट उठून दिसते पण काटा ११ दाखवतो, तर नाणं ठेवून द्या. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. नकली बहुतेक ओतीव असतात, म्हणून अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या बोथट दिसतात, सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, आणि किनारीच्या दात्यांत कुठेतरी साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती कानशीने घासल्याची खूण सापडते. चुंबकाला खरा रुपया चिकटत नाही, पण जर्मन सिल्व्हरही (चांदीसारखा दिसणारा तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) चिकटत नाही, म्हणून नुसत्या चुंबकावर विसंबू नका.

घरी खात्री करायची तर पाण्याची कसोटी घ्या. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही असं धरा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपयाला तो १.१३च्या आसपास येतो. जर्मन सिल्व्हर किंवा पितळेवर मुलामा असेल तर १.३च्या पुढे जातो. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो, ते आधी हलवून काढा. दुकानदार दुकानात हे करू देईलच असं नाही. मग बिलावर ‘खोटं निघाल्यास परत’ एवढं लिहून घ्या. खरा माल विकणारा त्याला नाही म्हणत नाही.

खऱ्या नाण्यातही दोन दोष लपवले जातात. एक म्हणजे कडी काढलेली खूण. हे रुपये दागिन्यांत ओवले जात; कडी काढून जागा घासली की बारा वाजायच्या ठिकाणी किनारीचे दाते गायब दिसतात. म्हणून किनार पूर्ण फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरं म्हणजे धुलाई. पूजेतल्या रुपयांना हळदकुंकू लागतं, मग कोणीतरी चिंच नाहीतर भांड्यांची पावडर घेऊन ते लख्ख करतं. असं नाणं एका बाजूने तिरपं धरलं की सगळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे चमकतात. लक्ष्मीपूजनाला ते चालेल, संग्रहासाठी नको.

आणि एक प्रकार तर खोटा म्हणायच्याही पलीकडचा आहे. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८, वन आना’ किंवा ‘हाफ आना’, आणि दुसऱ्या बाजूला रामदरबार, हनुमान किंवा कमळ. पदपथावर, रेल्वे पुलांवर, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत हे सगळीकडे दिसतं, आणि लाखोंची किंमत सांगितली जाते. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात एक आण्याचं नाणं आलं तेच मुळी १९०६च्या नाणे कायद्यानंतर, सातव्या एडवर्डच्या काळात. ही देवस्थानी विकल्या जाणाऱ्या मुद्रांची पैदास आहे. देवाचं म्हणून देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण दाम पितळेच्या तुकड्याचा द्या. याच नाण्यांना ‘तांदूळ ओढणारं नाणं’ म्हणून विकणाऱ्या टोळ्या लोकांच्या आयुष्याची कमाई बुडवतात. तांब्यात किंवा चांदीत तांदूळ ओढण्याचा कुठलाही गुण नसतो. असं कोणी सांगत आलं तर थेट पोलीस ठाणं गाठा.

मुंबईत कुठे घ्यावं

फोर्टातल्या पदपथावरचे विक्रेते आणि चोरबाजार ही पाहायला मजेची ठिकाणं आहेत, पण चांदीसाठी पहिली खरेदी तिथे नको. तिथे तांबं घ्या; पाव आण्यात फसलात तरी नुकसान किरकोळ, आणि डोळा तयार होतो. झवेरी बाजारातल्या सराफांकडे रुपये धातूच्या हिशेबाने मिळतात. झीज आणि धुलाई भरपूर असते, पण ढीग उपसायची तयारी असेल तर चांगला ‘डिव्हायडेड’ सापडतो, आणि चांदीच्या जवळपास दामाने. नाणी विकणारी खास दुकानं आणि शहरात भरणारी नाण्यांची प्रदर्शनं इथे भाव जास्त, पण नाणं वर्गवारी करून, पाकिटावर स्थिती लिहून मिळतं. प्रदर्शनात एकाच छताखाली पाचपंचवीस टेबलांवरचे भाव ताडून पाहता येतात, म्हणून पहिली जोडी तिथेच घ्यावी असं माझं मत. लिलावात बोलीच्या वर कमिशन आणि कर चढतो. ते धरून हिशेब करा. एवढ्या सर्रास मिळणाऱ्या नाण्यांसाठी लिलावात उतरायचं कारण नाही.

भाव ठरवायची तळरेषा सोपी आहे. रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने तिची किंमत काढा. त्याहून स्वस्तात खरा रुपया कोणी देणार नाही. देत असेल तर काटा बाहेर काढा. चांदी महागली की झिजलेले रुपये सरळ मुशीत जातात. वाचता येण्याजोगा कंपनीचा रुपया वितळताना पाहणं क्लेशाचं असतं, आणि म्हणूनही सराफाच्या ढिगातून एखादा उचलून आणणं मला मोलाचं वाटतं.

घेण्याआधी अस्सल नाण्यांवर नजर बसवायची असेल तर फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय बघून या. आधी वेळ विचारून घ्या.

मुंबईच्या हवेत जपणूक

पावसाळ्यातला दमटपणा तांब्याचा पहिला शत्रू, आणि मऊ प्लास्टिकची पाकिटं दुसरा. उग्र वासाच्या पीव्हीसी पाकिटांतून काही वर्षांत हिरवट चिकटा सुटतो. तो आला तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं दहाएक मिनिटं बुडवून ठेवा, न घासता काढा, ऊर्ध्वपातित पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपा. खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको. साठवायला पुठ्ठ्याच्या चौकटी किंवा कडक कॅप्सूल घ्या. स्टेपलच्या पिना चपट्या दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि जूनच्या आधी ती तापवून किंवा बदलून घ्या. रबर बँड कधीही नको. रबरातलं गंधक चांदी काळी करतं. वयाने आलेला राखाडी, निळसर थर मात्र काढू नका, तो नाण्याचं रक्षण करतो.

कायद्याची बाजू खरेदीच्या वेळीच पाहा. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून पक्कं बिल मागा आणि त्यावर नाण्याचं साल, धातू आणि वजन लिहून घ्या. खाजगी माणसाला ही नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला किंवा लंडनच्या मैत्रिणीला भेट म्हणून राणीछाप द्यायचा बेत असेल तर तो सोडा. विमानतळावर जप्ती होते आणि खटलाही होऊ शकतो.